लाडू-चिवड्याचा गारेगार प्रवास

मुलांनो, नावावर जाऊ नका. चिंचिला म्हणजे चिंचेचा कुठलाही प्रकार नव्हे, बरं का! तो एक प्राणी आहे. अंग सशाहूनही मऊ, कान उंदरासारखे गोल आणि शेपटी खारीसारखी झुबकेदार. वजन म्हणाल तर जेमतेम अर्धा किलो. २०१९ सालच्या उन्हाळी सुट्टीत मी माझ्या मावसबहिणीकडे, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात गेले होते. तिथे या पाहुण्यांशी माझी गाठ पडली.

ताईची मुलगी दहा वर्षांची. तिच्याकडे दोन चिंचिला. एक गोल गरगरीत, म्हणून तो लाडू. दुसरा सदा कुरकुर करत काहीतरी कुरतडणारा, म्हणून तो चिवडा! दिवसभर दोघे झोपायचे आणि दिवेलागणीला उड्या मारायला लागायचे. आंघोळ पाण्यानं नाही, तर मऊ, बारीक धुळीत लोळून! त्यांची लव इतकी दाट, की ओली झाली तर लवकर वाळतच नाही. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून एक-दोन केस उगवतात. चिंचिलाच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ!

आता विचार करा, एवढी जाड गोधडी पांघरून आपण वैशाखात बाहेर पडलो तर? चिंचिलाला घामही येत नाही. पंधरा ते वीस अंश तापमानात तो खुशीत असतो. सत्तावीसच्या वर पारा गेला, की त्याच्या जिवाला धोका.

आणि नेमका उन्हाळ्यातच त्यांना प्रवास घडला. भाऊजींची बदली झाली. सॅन होजेचं घर सोडून लॉस एंजेलिसजवळ राहायला जायचं होतं. अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे सहा तासांचा रस्ता. आठ दिवस आधीपासून भाचीची तयारी सुरू झाली. लहान पिंजऱ्यात बसायची सवय दोघांना लावली. वाळलेलं गवत, रोजचंच पाणी, कुरतडायला लाकडाचे तुकडे असं सगळं बांधून घेतलं. दोन फरश्या फ्रीजमध्ये गार करायला ठेवल्या. गार फरशीवर चिंचिला अंग टेकून बसतो.

पहाटे निघायचं ठरलं होतं. पण सामानाचा ट्रक उशिरा आला आणि निघता निघता नऊ वाजले. पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्यानं घट्ट बांधला. उन्हाच्या बाजूच्या काचेला पांढरी चादर लावली. मी कौतुकानं लाडूला मांडीवर घ्यायला गेले, तर भाची म्हणाली, "नको मावशी. ही त्यांची झोपायची वेळ आहे. आपण गप्प बसायचं." वर्गात चाळीस मुलांना गप्प बसवणारी मी, मुकाट्यानं बसले!

गिलरॉय गाव आलं. हे गाव लसणासाठी प्रसिद्ध. पुढे पाचेको खिंड ओलांडली आणि सॅन लुईस धरणाचं निळंशार पाणी दिसलं. त्यानंतर मात्र सपाटच सपाट मैदान. कॅलिफोर्नियाची ही मधली दरी म्हणजे शेतीचं मोठं कोठार. बदामाच्या बागा मैलोन् मैल, एका ओळीत कवायतीला उभ्या केल्यासारख्या. पण ऊन असं, की मला आपलं विदर्भच आठवलं.

केटलमन सिटी जवळ आलं आणि गाडीतला एसी एकाएकी गरम हवा फेकू लागला. बाहेर पस्तीस अंश! काचा उघडल्या, तर भट्टीसारखा वारा आत. भाचीनं पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "आई, चिवड्याचे कान लाल झालेत!"

चिंचिलाच्या अंगातली उष्णता कानांतून बाहेर पडते. कान लालबुंद झाले, की समजायचं, त्याला ऊन सोसत नाहीये. चिवडा आडवा पडून भराभर श्वास घेत होता. गार फरश्या केव्हाच कोमट झाल्या होत्या.

भाऊजींनी पेट्रोल पंपावर गाडी घेतली. ताई दुकानात धावली आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन आली. भाची रडत होती, पण हात थांबले नव्हते. पिशव्या तिनं टॉवेलात गुंडाळल्या आणि पिंजऱ्याच्या बाहेरून लावल्या. थेंबभरही पाणी त्यांच्या लवेला लागू दिलं नाही. दुकानातल्या आजीबाई हे सगळं काचेतून बघत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत आणा त्यांना. मागच्या खोलीत गार आहे."

त्या खोलीत खोक्यांच्या मधोमध आम्ही पाऊण तास बसलो. कुणी बोलत नव्हतं. मग चिवडा उठून बसला. कान परत गुलाबी झाले. थोड्या वेळानं ओळखीचा आवाज आला, कुरकुर, कुरकुर... गवत खाणं सुरू! भाची हसली आणि मग पुन्हा रडली. तिकडे गॅरेजवाल्यानं एसीचा जळालेला फ्यूज बदलून दिला होता. टेहोन खिंडीचा हजार मीटरहून उंच घाट चढून संध्याकाळी आम्ही नव्या घरी पोहोचलो.

चार दिवसांनी भाऊजींनी आम्हाला सॅन पेद्रोचं बंदर दाखवायला नेलं. तिथे ताईनं एक गोष्ट सांगितली.

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथल्या थंडीसाठीच ती दाट लव. पण तीच त्याच्या जिवावर उठली. कोट शिवायला माणसानं लाखो चिंचिला मारले. चिली देशातल्या खाणीवर मॅथियास चॅपमन नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता. त्यानं चिंचिला पाळायचे ठरवले, तेसुद्धा लवेच्या धंद्यासाठीच. माणसं लावून शोध घेतला, तर काही वर्षांत हाती लागले अवघे अकरा! त्यांना डोंगरावरून एकदम खाली आणलं नाही. उबदार हवेची सवय व्हावी म्हणून टप्प्याटप्प्यानं उतरवलं. जहाजावर पिंजरे बर्फानं गार ठेवले. १९२३ साली ते अकरा जण याच सॅन पेद्रो बंदरात उतरले. अमेरिकेतले बहुतेक पाळीव चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात.

"म्हणजे लाडू-चिवड्याच्या खापर खापर पणजोबांनाही बर्फ लागला होता!" भाची म्हणाली. मग बराच वेळ समुद्राकडे बघून तिनं विचारलं, "मावशी, त्यांना इथे यायचं होतं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा. रानातले चिंचिला आज फार थोडे उरलेत. चिलीत इयापेल गावाजवळ त्यांच्यासाठी १९८३ मध्ये अभयारण्य केलं आहे.

शाळा उघडल्यावर चौथीच्या मुलांना मी हे सगळं सांगितलं. लगेच गलका, "बाई, आपणही वर्गात चिंचिला पाळू या!" मी फळ्याशेजारच्या तापमापकाकडे बोट दाखवलं. पावसाळा लागला तरी पारा एकतीसवर होता. एकेक करून वर केलेले हात खाली आले. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, मग नकोच. त्याला इथे त्रास होईल."

मला वाटतं, भाचीच्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर त्यानं दिलं.

तुमच्या घरी कुत्रा, मांजर, ससा असेल, तर प्रवासाला निघताना एवढं करा. आपल्या बाटलीआधी त्यांचं पाणी भरा. आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत त्यांना कधीही ठेवू नका. उन्हातली बंद गाडी बघता बघता तापते. त्यांना आपण आपल्या घरी आणलंय ना? मग त्यांच्या वाटणीची सावलीही आपणच सोबत न्यायची.