अस्थीवर अस्थि

सुश्रुतसंहितेंत अस्थिदोषजन्य विकारांच्या गणनेंत ‘अध्यस्थि’ हा शब्द येतो. अस्थीवर वाढलेली अस्थि, असा त्याचा अर्थ. अध्ययनकाळीं आम्हांस तो ओझरता भेटला होता. त्याचें गांभीर्य पुतणीच्या आजारानें कळलें.

तिचें वय ३१. गुडघ्याच्या मागें, किंचित् वर, एक टणक गांठ वर्षभर हळूहळू वाढत होती. वेदना नव्हती, पण मांडी घालून पाटावर बसतां येईना. “लहानपणीं पडली होती, तेंच हाड धरलें असेल, तेल चोळा,” असें घरांतील वडील बायकांचें मत पडलें. एका डॉक्टरांनीं तर कोणतेंही छायाचित्र न काढतां गांठ कापून टाकण्याचें ठरविलें. सुदैवानें तत्पूर्वीं अस्थितज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला.

राँट्जेन ह्यांनीं १८९५ सालीं शोधिलेल्या क्ष-किरणांनीं येथें मोठें काम केलें. मार लागून स्नायूंत हाड धरलें, तर तें कडेस घट्ट व मध्यें विरळ दिसतें. येथें उलट होतें: बुडाशीं दाट, कडेस विरळ; आणि गांठ व मूळ हाड ह्यांमध्यें सुतासारखी काळी रेघ. निरुपद्रवी अस्थिशृंग असतें, तर मूळ हाडाची मज्जा सलग त्यांत गेलेली दिसती, सी.टी. चित्रांत तसें नव्हतें. रोग मज्जेंत अगर रक्तवाहिन्यांपर्यंत शिरला आहे काय, हें एम्.आर्.आय्.नें पाहिलें. मग शस्त्रवैद्यांनीं स्वतः जागा नेमून तुकडा काढविला व निदान पक्कें झालें: पॅरॉस्टिअल ऑस्टिओसार्कोमा. ग्रीक ‘ऑस्टिऑन’ आणि आपली ‘अस्थि’ हे शब्द सगोत्रच होत.

हा कर्करोगच, पण बहुधा मंदगति. विशेषतः २० ते ४० वयांत, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या मागील अंगास तो आढळतो. भोंवतालच्या निरोगी भागासह समूळ काढिल्यास बहुतेक रोगी वांचतात. अर्धवट काढिल्यास तो परततो, आणि कधीं अधिक उग्र होऊन येतो. घाईनें कापण्यांतील धोका तो हाच.

पुतणीच्या सांध्याच्या जागीं आतां धातूचा सांधा आहे. ती पाटाऐवजीं खुर्चीवर जेवते, पण स्वतःच्या पायांनीं चालत येऊन.

वेदना नाहीं, म्हणून रोग नाहीं, हें अनुमान नैयायिकांच्या भाषेंत सव्यभिचार होय. हाडावर टणक गांठ वाढूं लागली, तर चोळण्यापूर्वीं व कापण्यापूर्वीं तिचें छायाचित्र काढवावें, एवढेंच वाचकांस आमचें सांगणें.