दोन ओळींचा प्रस्ताव

पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत फेब्रुवारीत ‘ग्नूनिफाय’ हा लिनक्सचा मेळावा भरायचा, त्या काळी व्याख्यान द्यायचं असेल तर प्रस्ताव म्हणून दोन ओळी पुरत. पहिल्या ओळीत विषय, दुसरीत आपण त्यात काय करून पाहिलंय ते. आयोजन करणारी मुलं कॉलेजातलीच, त्यांच्या पाठीशी पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपची मंडळी. कोणी कर्नल कंपाइल केलंय, कोणाच्या घरी जुन्या मशीनवर मेल सर्व्हर चालतो, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. प्रस्तावापेक्षा माणूस आधी पोचलेला असे. उत्तरही तसंच यायचं: “या, अर्धा तास देतो, पण इन्स्टॉलेशन दाखवाच.”

त्याही आधी कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाच्या अधिवेशनांसाठी रीतसर पेपर लिहावा लागे. सुबक छापलेल्या प्रती टपालाने पाठवायच्या आणि वाट पाहायची. निवड झाली की पारदर्शक फिल्मवर स्केचपेनने आकृत्या काढायच्या. त्या जगात प्रस्ताव म्हणजे पूर्ण झालेलं काम होतं. लिनक्सच्या मेळाव्यांनी हा शिष्टाचार मोडला आणि अर्धवट, चालू असलेलं, हाताला अजून ग्रीस लागलेलं काम व्यासपीठावर आणलं. मला तो बदल फार मोठा वाटतो.

बंगळुरूत २००१ साली ‘लिनक्स बंगलोर’ सुरू झालं, २००५ पासून त्याचं नाव ‘फॉस डॉट इन’ झालं. त्यामागे अतुल चिटणीस होते, बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी घरोघर पोचवण्यातही त्यांचा मोठा वाटा. ती सीडी हे त्या वेळचं खरं डाउनलोड. पुढे या परिषदेने आपला रोख सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडून सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांकडे वळवला. साहजिकच ‘अमुकची ओळख’ हा प्रस्ताव कमजोर ठरू लागला आणि ‘अमुकमध्ये मी हे जोडलं’ हा वजनदार. चिटणीस २०१३ साली गेले. भारतात आज जी तंत्रज्ञान परिषदांची संस्कृती दिसते, तिच्यात त्यांच्या आग्रहाचा अंश आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

प्रस्ताव बदलला तो फॉर्म बदलले म्हणून नव्हे, श्रोत्याची गरज बदलली म्हणून. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण पुढची बरीच वर्षं ते टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत यायचं. मॅन्युअल उतरवून घेणंसुद्धा खर्चाचं काम होतं. अशा वेळी कोणी समोर उभं राहून लिनक्स कसं बसवायचं किंवा अपाची कसा चालू करायचा हे तासभर दाखवलं, तर ते सोनं होतं. माहितीच दुर्मीळ होती, म्हणून माहिती देणारा प्रस्ताव उत्तम होता. आज तीच माहिती बसमध्ये बसल्या बसल्या फोनवर मिळते. श्रोता दोन दिवसांची रजा काढून परिषदेला येतो तो वेगळ्या गोष्टीसाठी: हे वापरल्यावर खरोखर काय होतं, कुठे मोडतं, कधी वापरू नये, हे भोगलेल्या माणसाकडून ऐकायला.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००९ साली पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची पहिली पायकॉन इंडिया परिषद झाली आणि २०११ साली ती पुण्यात आली. आता प्रस्तावाचा फॉर्म लांबलचक झालाय. शीर्षक, सारांश, श्रोत्यांची पातळी, पूर्वतयारी, मिनिटांनुसार आराखडा, स्लाइडचा दुवा, आधीच्या भाषणाचा व्हिडिओ. पुष्कळांना हे जाच वाटतं. मला तसं वाटत नाही. प्रत्येक रकाना निवड समितीतल्या एका खऱ्या शंकेला उत्तर देतो. मिनिटांचा आराखडा घ्या. तीस मिनिटांच्या भाषणात पहिली बारा मिनिटं ‘पायथॉन म्हणजे काय’ यावर जाणार असतील, तर ते तिथेच उघडं पडतं.

एक उदाहरण देते, आपल्या भाषेतलंच. ‘भारतीय भाषा आणि युनिकोड’ असं शीर्षक आलं तर वाचणारा पुढे सरकतो. विषय वाईट नाही, पण त्यातून काय हाती लागणार ते कळत नाही. त्याऐवजी शीर्षक असं असू द्या: “‘वाऱ्यावर’ हा शब्द डेटाबेसमध्ये असूनही सापडत का नाही?” सारांशात लिहा, की मराठीतला हा अर्धा ‘र’ तीन प्रकारे साठवलेला सापडतो: ‘ऱ’ या एकाच अक्षराने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते तीन वेगळे शब्द असतात. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. मग आराखड्यात दाखवा: पाच मिनिटं प्रश्न, दहा मिनिटं तो शोधला कसा, दहा मिनिटं उपाय आणि त्याच्या मर्यादा, उरलेली प्रश्नोत्तरांना. शेवटी आपल्या कोडचा दुवा. हा प्रस्ताव एखाद्या अनोळखी विद्यार्थिनीकडून आला तरी समितीत कोणीतरी त्यासाठी भांडेल.

अनोळखी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जुन्या ओळखीपाळखीच्या दिवसांची मला ओढ आहे, पण त्या ओळखीच्या वर्तुळात मुली किती होत्या, छोट्या गावांतली मुलं किती होती, हे आठवलं की ओढ थांबते. दोन ओळी चालायच्या, कारण लिहिणारा आपल्यातला असायचा. जो आपल्यातला नव्हता त्याच्याकडे तर सांगायला दोन ओळींहून जास्त जागाच नव्हती. बर्लिनच्या जेएसकॉन ईयू या जावास्क्रिप्ट परिषदेने २०१२ साली आधी अनेक स्त्रियांना आवर्जून प्रस्ताव पाठवायला सांगितलं, मग नावं झाकून निवड केली. वक्त्यांत जवळपास चौथा हिस्सा स्त्रिया आल्या. अमेरिकेतल्या पायकॉननेही पहिली फेरी नावं झाकून घेण्याची पद्धत रुजवली. लांब फॉर्म नसता तर नाव झाकणं शक्यच झालं नसतं, कारण नावाखाली वाचण्यासारखं काही उरलंच नसतं.

हरवलं ते वेगळंच. तेव्हा नकार आला तरी बोलणं व्हायचं. “विषय मोठा झालाय, फक्त बॅकअपवर बोल” असं कोणीतरी चहा पिताना सांगायचं, आणि पुढच्या वर्षी तो माणूस बोलायचा. आता प्रस्तावांचा ढीग इतका मोठा असतो की बहुतेकांना ठरावीक मजकुराचा नकार जातो. पायकॉन इंडियाने प्रस्ताव सर्वांना वाचायला खुले ठेवले, त्यावर कोणालाही प्रश्न विचारता येऊ लागले, तेव्हा ते जुनं बोलणं थोडं परत आलं. मला ती पद्धत सगळ्यात आवडते. दुसऱ्याचा निवडला गेलेला प्रस्ताव वाचणं हे प्रस्ताव लिहायला शिकण्याचं सर्वोत्तम साधन आहे.

आणि अलीकडे एक नवी अडचण आलीय. यंत्राकडून लिहून घेतलेले प्रस्ताव. भाषा गुळगुळीत, रकाने भरलेले, श्रोत्यांना काय मिळेल याची यादी चोख, आणि सगळे एकमेकांसारखे. त्यांत न सुटलेला बग नसतो, रात्री बंद पडलेला सर्व्हर नसतो, ‘हा मार्ग आम्ही सोडला’ असं एक वाक्य नसतं. जुन्या दोन ओळींचं व्याकरण अनेकदा चुकलेलं असायचं, पण दुसऱ्या ओळीत माणसाने केलेलं काम असायचं. आजच्या लांब फॉर्ममध्येही ती दुसरी ओळ शोधतच मी वाचते.

सोलापूर, नांदेड, रत्नागिरी, मडगाव, जिथे असाल तिथून पाठवा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, समित्या भाषेची परीक्षा घेत नाहीत. प्रस्तावांचं आवाहन निघायच्या आधीच, या आठवड्यात, तुमच्या कामातली जी गोष्ट सर्वांत जास्त अडली तिच्यावर एक परिच्छेद लिहून ठेवा आणि त्या क्षेत्रात नसलेल्या एका मित्राला वाचायला द्या. त्याने प्रश्न विचारले, तर त्या प्रश्नांसकट पाठवून द्या.