कव्हरकडे बघायचं राहून गेलं

हॉट टब घेताना मी जेट बघितले, पाण्यातले रंगीत दिवे बघितले, किती जण मावतील ते बघितलं. त्यातलं पाणी गरम कशामुळे राहणार, हे मात्र विचारलं नाही. कॅल्गरीत राहणाऱ्या माणसानं हे विचारू नये म्हणजे कमाल आहे. इथे जानेवारीत उणे वीस अंश म्हटल्यावर कुणी भुवई उंचावत नाही, आणि टबातलं पाणी बाराही महिने ३९ अंशांवर ठेवायचं असतं.

टब हौसेचा नव्हता. नवऱ्याच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली होती. बॅन्फच्या गरम झऱ्यांच्या कुंडात तो बसून आला की पुढचे एक-दोन दिवस त्याला मोकळेपणानं वाकता यायचं. पण त्यासाठी जाता-येता दीड-दीड तास गाडीत बसायचं, आणि मिळालेला आराम निम्मा वाटेतच जिरायचा. घरामागच्या डेकवरच सोय झाली तर रोज बसता येईल, असा साधा विचार होता.

दुकानातला सेल्समन म्हणाला, “फुल इन्सुलेशन आहे.” मी मान डोलावली. बाहेरचं पॅनेल काढायला चार स्क्रू फिरवावे लागतात, ते फिरवून दाखवा असं म्हणायला हवं होतं. हे मी टब घरी येऊन एक हिवाळा उलटल्यावर केलं. पॅनेलच्या आतल्या बाजूला चकचकीत चंदेरी कागद चिकटवलेला होता. त्यामागे पोकळी, उघडे पाइप आणि टबच्या पाठीवर फोमचा जेमतेम बोटभर थर. खालच्या कडेला फट होती. हात धरला तर वारा लागत होता.

इन्सुलेशनच्या दोन तऱ्हा असतात. एकीत टब आणि पॅनेल यांमधली सगळी पोकळी फोमनं भरून टाकतात. दुसरीत पॅनेललाच जाड थर देतात आणि मधली हवा कोंडून ठेवतात, म्हणजे पंपाच्या मोटारीची उष्णताही कामी येते. फोम भरलेल्या टबात पाइप गळायला लागला की गळती शोधणं जिकिरीचं होतं, म्हणून काही जाणकार दुसरी तऱ्हा पसंत करतात. पण त्यासाठी हवा खरोखर कोंडलेली हवी. माझ्याकडे कागद होता आणि फट होती.

ब्रोशरवर महिन्याचा वीजखर्च छापला होता. तो वाचून मी खूश झाले. खालचं बारीक अक्षर वाचलं नाही. कॅलिफोर्नियात असे टब विकायचे तर ते नुसते गरम राहायला किती वॅट खातात याची चाचणी करून आकडा द्यावा लागतो. त्या चाचणीत पाणी १०२ फॅरनहाइट, म्हणजे आपले ३९ अंश, आणि भोवतालची हवा ६० फॅरनहाइट, म्हणजे साडेपंधरा अंश धरतात. माझ्या ब्रोशरमधला खर्चही तशाच हवेतला होता. पाणी आणि हवा यांत साडेतेवीस अंशांचा फरक. बाहेर उणे वीस असताना तोच फरक ५९ अंशांवर जातो. उष्णता साधारण फरकाच्या प्रमाणात निसटते, म्हणजे अडीचपट. हा हिशेब आठवीतल्या मुलालाही जमला असता. मी तो वीजबिल हातात आल्यावर मांडला.

पण टबापेक्षा मोठी चूक कव्हरची. ते टबाबरोबर फुकट आलं होतं, म्हणून त्याची चौकशीच केली नाही. खरं तर सगळ्यात जास्त उष्णता वरून जाते, कारण पाण्याची वाफ होते आणि वाफ झालेल्या प्रत्येक लिटर पाण्याबरोबर जवळजवळ दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता उडून जाते. कव्हरच्या आत असतो थर्माकोल, आपण गणपतीच्या मखराला वापरायचो त्याच जातीचा. त्याची घनता पौंडात सांगतात: एक घनफुटाला एक पौंड, दीड किंवा दोन. माझं एक पौंडाचं, मधे चार इंच आणि कडेला तीन. मधला उंचवटा पाणी ओघळून जावं म्हणून. थर्माकोलवर प्लास्टिकचं वेष्टन असतं, आणि कव्हर दुमडता यावं म्हणून मधे घडी. घडीच्या पूर्ण लांबीला आतून फोमची पट्टी बसवलेली असेल तर वाफ अडते. माझ्या कव्हरला घडीच्या ठिकाणी नुसतं कापड होतं.

बर्फ पडला की माझ्या कव्हरवर मधोमध एक ओला काळा पट्टा दिसायचा. बाकी सगळं पांढरं. पाणी छान गरम आहे म्हणून बर्फ वितळतोय, असं मी समजत होते. शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, “तुमचे पैसे त्या पट्ट्यातून जाताहेत. माझ्या कव्हरवर बघा, बर्फ तसाच आहे.” मी हसून मान हलवली आणि काही केलं नाही.

उलट भर घातली. पाण्यात क्लोरीनचा जास्तीचा डोस टाकल्यावर कव्हर थोडा वेळ उघडं ठेवायचं असतं, नाहीतर कोंडलेला वायू आतलं प्लास्टिक खातो. थंडीत ऊब वाया जाईल या भीतीनं मी लगेच झाकायची. वेष्टन विरत गेलं आणि वाफ थर्माकोलमध्ये शिरून तिथेच पाणी होऊन बसली. ओला थर्माकोल उष्णता अडवत नाही. आणि तो जड होतो.

एका संध्याकाळी नवरा आत आला आणि म्हणाला, “अगं, हे कव्हर मला उचलवत नाहीये.” नंतर तो टबाकडे जाईनासा झाला. मी घरी असले तर उघडून द्यायचे, पण दर वेळी हाक मारणं त्याला आवडायचं नाही. ज्याच्या पाठीसाठी टब घेतला त्यालाच झाकण उचलता येईना, याचं मला बिलापेक्षा जास्त वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

१३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी फोनवर सरकारी इशारा वाजला. अल्बर्टाभर कडाक्याची थंडी होती आणि विजेचा तुटवडा पडायची वेळ आली होती. गरजेपुरतीच वीज वापरा, असं आवाहन होतं. आम्ही दिवे मालवले. बाहेर टबाचा हीटर अखंड चालू होता, आणि तसल्या थंडीत तो बंद करायची सोय नव्हती, कारण पाइपातलं पाणी गोठलं तर सगळा टबच जातो. त्या रात्री मी नवं कव्हर घ्यायचं ठरवलं.

जुनं कव्हर फेकण्याआधी सुरीनं फाडलं. आतून तपकिरी, कुबट पाणी वाहायला लागलं आणि थर्माकोलचा तुकडा पिळल्यावर पुन्हा ठिबकलं. नवं घेतलं ते मापानं बनवून: दोन पौंडांचं, मधे सहा इंच, कडेला चार, घडी सलग बंद, आणि उचलायला हायड्रॉलिक दांडा. नवरा आता ते एका हातानं उघडतो. पाण्यावर तरंगणारा पातळ फोमचा तुकडाही टाकला. फरक तपासायला एका रात्री बाहेर उणे पाच असताना हीटर बंद ठेवला. टबात दीड हजार लिटर पाणी आहे. ते एक अंशानं उतरलं की पावणेदोन युनिटं गेली असं समजायचं. सकाळी पाणी जुन्या कव्हरच्या मानानं निम्म्याहून कमी उतरलेलं होतं.

त्या उत्साहात आणखी एक चूक केली. पॅनेलच्या मागे, पंपाच्या कप्प्यातसुद्धा, दाबून फोम भरला. हिवाळाभर छान चाललं. जुलैत मोटार तापून बंद पडायला लागली. पंपाजवळचा फोम काढून टाकावा लागला. तिथे आता फक्त खालची फट बुजवली आहे आणि उन्हाळ्यात वरची झडप उघडी ठेवते.

परवा मैत्रीण टब बघायला निघाली तेव्हा मी बरोबर गेले. मी सेल्समनला म्हटलं, पॅनेल काढून दाखवा, कव्हरची घडी उलटी करून दाखवा, आणि थर्माकोल किती पौंडांचा ते सांगा. तो म्हणाला, पॅनेल उघडायची परवानगी नाही. आम्ही पुढच्या दुकानात गेलो.