मागणीबरहुकूम

मिरजेतील तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिराकडे तंबोरा करून घ्यावयास गेले, की तो आधी किंमत सांगत नाही. 'पट्टी कोणती?' असा त्याचा पहिला प्रश्न असतो. काळी एकमध्ये गाणारा पुरुष आणि काळी चारमध्ये गाणारी स्त्री यांच्या तंबोऱ्यांचे भोपळे, दांडीची लांबी, तारांची जाडी हे सारेच वेगळे असते. विद्यार्थिदशेत गुरुजींबरोबर मी तेथे गेलो, तेव्हा हा प्रश्न मला केवळ व्यवहाराचा वाटला होता. त्यातील शहाणपण कळायला मला पुढे मुंबईत बरीच वर्षे जाहिरातींचे संगीत करावे लागले.

या व्यवसायाची रीत सांगायला हवी. जाहिरात करणारी संस्था आपली मागणी लिहून पाठवते. तिला 'ब्रीफ' म्हणतात. चित्रफीत किती सेकंदांची, भाव कोणता, निवेदन कोठे येणार, हे त्यात असते. कधी सोबत नमुन्यादाखल एखादी प्रसिद्ध धूनही असते. हीच मागणी एकाच वेळी अनेक संगीतकारांकडे जाते. प्रत्येक जण आपला नमुना पाठवतो. त्यांतला एक निवडला जातो. उरलेल्यांना मोबदला तर नाहीच, पुष्कळदा उत्तरही मिळत नाही.

आरंभीच्या काळात एका घरगुती मसाल्यासाठी अशी मागणी आली होती. 'आजोळची आठवण यावी. पण डोळ्यांत पाणी नको', एवढेच तिचे सार होते. मी वाक्याचा पूर्वार्ध वाचला आणि हरखून गेलो. दोन रात्री जागून सारंगीवर एक संथ, आर्त धून बसवली. माझ्या मते तोवरचे ते माझे सर्वोत्तम काम होते. उत्तर आले ते एका ओळीचे : 'घरात कोणी गेल्यासारखे वाटते.'

मला फार राग आला. ज्यांना स्वर ओळखता येत नाहीत त्यांनी माझ्या सारंगीची परीक्षा करावी, हे मला सोसवेना. पण काही दिवसांनी तीच धून शांतपणे ऐकली आणि ओशाळलो. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणी आणि दूरदर्शनवर सारंगीचे करुण सूर वाजत. एका संपूर्ण पिढीच्या कानांत हे वाद्य मृत्यूच्या वार्तेशी जोडले गेले होते. त्यात सारंगीचा दोष नव्हता, आणि ऐकणाऱ्याचाही नव्हता. स्वरांचे ज्ञान नसलेल्या त्या माणसाने बरोबर ऐकले होते. चुकीचे वाचले होते ते मी.

या पराभवातून मी धडा घेतला. पण तो नको तितका घेतला. पुढच्या एका कामात नमुन्यादाखल आलेल्या धुनेची मी जवळजवळ सावलीच तयार केली. तीच लय, तीच वाद्ये. स्वर कायद्याच्या कचाट्यात सापडणार नाहीत एवढेच इकडेतिकडे केलेले. काम तत्काळ मंजूर झाले, पैसेही वेळेवर मिळाले. एके दिवशी स्नेह्यांच्या घरी दूरदर्शन संचावर ती जाहिरात लागली. त्यांची लहान मुलगी तिच्याबरोबर गुणगुणू लागली. परंतु ती माझी धून गुणगुणत नव्हती, मूळची गुणगुणत होती. त्या घरात मी कोणालाही सांगितले नाही, की हे संगीत माझे आहे.

नमुन्याचा हा मोह थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८च्या चित्रपटासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी संगीत रचले होते, पण काम चालू असताना तात्पुरत्या लावलेल्या जुन्या रचनाच स्टॅन्ले कुब्रिक यांनी अखेर कायम ठेवल्या. पुन्हा पुन्हा ऐकलेले संगीत चित्राला असे चिकटून बसते. म्हणून आता नमुना आला, की मी विचारतो, 'यातले तुम्हांला नेमके काय हवे आहे?' उत्तर बहुधा अनपेक्षित असते. कोणाला त्यातील लय हवी असते, कोणाला दोन स्वरांमधली मोकळी जागा. तेवढे कळले, की बाकीची धून माझी मला रचता येते.

मग उरते ते गणित. दर मिनिटाला १२८ मात्रांची लय धरली, तर ३० सेकंदांत ६४ मात्रा, म्हणजे तीनतालाची बरोबर चार आवर्तने बसतात. १२०ची लय धरली, तर ६० मात्रा होतात आणि शेवटचे आवर्तन समेपूर्वीच तुटते. निवेदकाचे शब्द चालू असताना बासरी बोलकी ठेवली, तर दोघांचीही स्पष्टता जाते. म्हणून तेथे तिला थांबवावे लागते. २० आणि १० सेकंदांच्या आवृत्त्या, गायनाविना एक प्रत, प्रत्येक वाद्याचे वेगळे मुद्रण, हे सारे सांगितलेल्या नावानिशी द्यावे लागते. कारण पलीकडे मध्यरात्री एक संकलक ते शोधत बसलेला असतो.

अशा मागणीने कला दासी होते काय? 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीसाठी १९५५-५६ मध्ये आठवड्यागणिक सिद्ध होत गेले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्यापुढे ठरलेला दिवस होता, ठरलेला अवधी होता. तरी ती ५६ गीते मागणी पुरवून संपली नाहीत. माझे काम त्या पंक्तीला बसणारे नाही, हे मी जाणतो. पण मर्यादा आणि लाचारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्या उदाहरणावरून मला उमगले. दुसऱ्याची गरज ऐकून घेणे ही मर्यादा. दुसऱ्याचा सूर उचलणे ही लाचारी.

मिरजेचा तो कारागीर आजही डोळ्यांपुढे येतो. पट्टी त्याने गुरुजींना विचारली होती, आणि ती तंतोतंत पाळली होती. पण तंबोरा तयार झाल्यावर घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवत तो जवारी लावू लागला, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते, आणि आम्हा दोघांनाही गप्प बसायला सांगितले होते.