येथवर : बारावीच्या मुलांची उपकारस्तुती

शास्त्रपाठ : १ शमुवेल ४:१-११ आणि ७:२-१२



पर्वत पाटिया हे नाव ऐकून महाराष्ट्रातला पाहुणा इथे डोंगर शोधू लागतो. सुरतेच्या या भागात डोंगर नाही. पर्वत हे जुन्या गावाचं नाव, आणि पाटिया म्हणजे हमरस्त्यावरून गावाकडे वळण्याच्या जागी असलेली पाटी. आपण ज्याला फाटा म्हणतो तेच. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतली बारावी झालेली मुलं अशाच एका फाट्यावर उभी होती. त्यांच्यासाठी दरवर्षीसारखी उपकारस्तुतीची उपासना ठरली. मुलांनी शाळेच्या वर्षांकडे वळून पाहायचं, साक्ष द्यायची, आणि मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, अशी आमची रीत आहे.

या मुलांचं हायस्कूल सुरू झालं ते जून २०२० मध्ये, मोबाईलवर. कापड मार्केट आणि खाती बंद पडली होती. (लूम किंवा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात.) आमच्यातली काही घरं नवापूर-नंदुरबारकडे गावी निघून गेली होती. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडं तीन. नववीचे वर्ग प्रत्यक्ष भरले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि मार्चमध्ये शहरातल्या शाळा पुन्हा बंद झाल्या. त्यात आठवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या काही मुलांना नववीत गुजराती माध्यम घ्यावं लागलं. बीजगणित तेच, पण प्रश्नच कळेना.

दहावीची परीक्षा मात्र २०२२ साली नेहमीसारखी झाली. त्या वर्षी गुजरात बोर्डाचा दहावीचा निकाल ६५.१८ टक्के लागला. म्हणजे शंभरातली जवळजवळ पस्तीस मुलं मागे राहिली. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, बारावी सामान्य प्रवाहाचा निकाल ९१.९३ टक्के लागला आणि सगळीकडे आनंद झाला. आनंद खराच होता. पण हा हिशेब परीक्षेला बसलेल्यांचा. जी मुलं बाकापर्यंत पोचलीच नाहीत, ती या आकड्यात कुठेच नाहीत.

आमच्या संडे स्कूलमधून नववीत गेलेली मुलं नऊ होती. बारावी झाली पाचजणांची.

उपासनेची तयारी करताना मुलांनी एबन-एजरचा शास्त्रभाग निवडला. शमुवेलाने धोंडा उभा केला आणि इथपर्यंत देवानेच आपल्याला हात दिला असं म्हटलं, तो भाग. अशा प्रसंगी तो नेहमी वाचला जातो. पण साक्ष लिहायला बसलेल्या एका मुलीने विचारलं, “ताई, आम्ही पास झालो म्हणून ‘येथवर’ म्हणायचं. मग जे चौघं सुटले, त्यांना देवाने मदत केली नाही असं समजायचं का?”

तिचा भाऊ त्या चौघांतला. वर्षाने मोठा, पण गावाहून सुरतेला येताना त्याचं एक वर्ष गेलं, म्हणून दोघं एकाच वर्गात. दहावीत तो दोन विषयांत राहिला आणि एम्ब्रॉयडरीच्या खात्यावर जाऊ लागला.

हा प्रश्न आम्ही पाळकसाहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, “बेटा, सातव्या अध्यायाच्या आधी चौथा वाच.”

आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. चौथ्या अध्यायात इस्राएल लोकांची छावणी एबन-एजरजवळच आहे, आणि तिथे त्यांचा पराभव होतो. आधी सुमारे चार हजार माणसं पडतात, मग तीस हजार. कराराचा कोश शत्रू घेऊन जातात. एलीचे दोन्ही मुलगे मरतात. त्यानंतर पुष्कळ वर्षं लोक देवासाठी शोक करत राहतात. आणि मग शमुवेल धोंडा उभा करतो, त्याला जे नाव देतो ते हेच, पराभवाच्या हकिगतीत आलेलं. एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा.

म्हणजे तो धोंडा जिंकणाऱ्यांची पाटी नव्हता. ज्यांच्या घरातली माणसं परत आली नव्हती, तेही त्याच्यासमोर उभे असणार. त्या धोंड्याला नाव मिळालं ते साहाय्य करणाऱ्या देवावरून. गुणपत्रिकेवर एका मुलाचं नाव असतं आणि त्याची टक्केवारी. एबन-एजरवर सगळ्या लोकांनी मिळून “आम्हांला” म्हणायचं असतं. हा “आम्ही” पाचांचा की नऊजणांचा, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं.

चौघांनाही बोलवावं असं मुलांनी म्हटलं. त्यावर एका वडीलधाऱ्या भावांनी काळजी बोलून दाखवली : अपयश आलेल्या मुलांना सर्वांसमोर उभं केलं तर त्यांना लाज वाटेल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून आम्ही चारही घरी जाऊन आधी विचारलं. दोघं हो म्हणाले. एकजण म्हणाली, येईन, पण बोलणार नाही. एकाची त्या दिवशी पाळी होती. त्याच्या जागी त्याची आई आली.

उपासनेत त्या मुलीचा भाऊ उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, “बारा तासांची पाळी असते. पहिल्या पगारातून हिची अकरावीची फी भरली. आता ही पास झाली. देवाची स्तुती असो.” आणि खाली बसला.

त्याच्यानंतर बहिणीची पाळी होती. तिने चार पानं लिहून आणली होती. ती न वाचता ती म्हणाली, “मी देवाकडे मदत मागत होते. ती रोज रात्री नऊ वाजता दमून घरी येत होती.”

प्रियजनहो, देव आपलं साहाय्य बहुधा माणसाच्या हातून पाठवतो, आणि तो हात कधी कधी आपल्याच घरातला, शाळा सुटलेला असतो. शाळेची वर्षं आठवताना मुलं शिक्षक, मैत्री, स्नेहसंमेलन आठवतात, आणि आठवावंच. पण उपकारस्तुती तेव्हाच पुरी होते, जेव्हा आपण पुढे जावं म्हणून मागे थांबलेल्याचंही नाव घेतो.

आणि नुसतं नाव घेऊन भागत नाही. ‘येथवर’ या शब्दात पुढचा रस्ता बाकी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करता येते. एकदा नाव नोंदलं की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि काम करणाऱ्यालाही ते जमण्यासारखं आहे. आमच्या चौघांपैकी दोघांनी फॉर्म भरला. गणित शिकवायला बारावी झालेल्या पाचांतलेच दोघं रविवारी उपासनेनंतर बसतात.

तुमच्याही मंडळीत निकालानंतर पास झालेल्यांची नावं वाचली जातील. टाळ्या जरूर वाजवा. मग संडे स्कूलचं जुनं हजेरीपुस्तक काढा, चार वर्षांपूर्वीची नावं पाहा, आणि जी आज यादीत नाहीत त्यांच्या घरी जा.

प्रार्थना : हे प्रभू, येथवर तू आम्हांला सांभाळलंस, जे पुढे गेले त्यांना आणि जे वाटेत थांबले त्यांनाही. ज्यांच्या कष्टावर आमची मुलं शिकली, त्यांना विसरू देऊ नकोस. त्यांची वाट अजून संपलेली नाही, हे त्यांना आमच्या वागण्यातून कळू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.