पोट भरतं ते थिऑर्बोवर

बाझलमध्ये कुणाला ल्यूट हे जुनं तंतुवाद्य वाजवतो म्हणून सांगितलं, की त्याला हमखास जुन्या इंग्लिश संगीतकार डाउलंडची उदास गाणी आठवतात. ती मीही वाजवतो, पण बहुतेक घरीच. पोट भरतं ते थिऑर्बोवर, आणि तेही संगत करून.

थिऑर्बो हा ल्यूटचाच लांबवलेला अवतार. माझा १४ तारांचा आहे आणि माझ्याहून उंच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत गाणाऱ्यांना भारदस्त खर्ज हवा झाला, म्हणून वाद्य मोठं केलं. पण वरच्या दोन तारांना ती लांबी सोसेना. मग त्या सरळ एक सप्तक खाली उतरवल्या. त्यामुळे सगळ्यात उंच सूर पहिल्या तारेवर नाही, तिसरीवर! गिटारवाल्यांची बोटं सुरुवातीला पार गोंधळतात.

संगतकाराच्या कागदावर फक्त खर्जाची ओळ, कुठं कुठं स्वरावर आकडा. बाकीचं आपण भरायचं. मॉन्तेवेर्दीच्या १६०७ सालच्या 'ओर्फेओ' या ऑपेरात तर आकडेही फार थोडे. ओर्फेओची बायको एवरिदिचे हिच्या मरणाची बातमी घेऊन दूती येते, तिथं मात्र त्यानं वाद्यं नेमून दिली आहेत: लाकडी नळ्यांचा ऑर्गन आणि कितारोने, म्हणजे थिऑर्बोच. ऑर्गनचा स्वर टिकतो, माझा छेडल्याबरोबर विरायला लागतो. म्हणून मी दूती गाणारीचा श्वास बघतो, शब्दाच्या किंचित आधी खर्ज छेडतो आणि वरचे स्वर सावकाश उलगडतो. 'मेली' हा शब्द आला की एकच खर्ज, वर काही नाही. तिथं हात आवरायला मला वर्षं लागली.

उरलेला वेळ खुंट्या पिळण्यात. हँबुर्गच्या माटेसोन या संगीतलेखकानं १७१३ मध्येच टोमणा मारून ठेवलाय, की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवाल्याची साठ वर्षं सूर जुळवण्यातच गेली असणार. मेंढीच्या आतड्याची तात दमट हवेत लगेच हलते, रंगमंचावरचे दिवे तापले की पुन्हा हलते. त्यात एका ठिकाणी ४१५ हर्ट्झची पट्टी, दुसरीकडे ४४०. काम हंगामी, ईस्टरच्या आधी बाखच्या 'पॅशन' या ख्रिस्ताच्या यातनांवरच्या रचना असतात तेव्हा उसंत नसते, उन्हाळ्यानंतर फोन वाजत नाही.

गिटारवरून इकडं येऊ पाहणाऱ्यांनो, आधी उजव्या हाताची नखं कापा. नखांनी वाजवणारे पूर्वीही होते, जुना इटालियन ल्यूटवादक पिच्चिनीनी त्यातलाच. पण बोटाच्या मांसल टोकाखाली तार कशी बोलते, ते आधी कळू दे. आणि महागडं वाद्य घ्यायच्या आधी महिनाभर कुणा गाणाऱ्यामागं नुसता खर्ज वाजवून बघा. कंटाळा आला, तर गिटारच बरी.