मातीची जुनी विद्या

जयपूरच्या जवाहर नगरातून पूर्वेला चालत गेलं की वस्ती झालान्याच्या डोंगराला टेकते. अरवलीची ही धाकटी रांग उन्हाळ्यात निष्पर्ण धोक वृक्षांखाली उघडी पडते. मग पहिली सर येते आणि धूळ खाली बसण्याआधी वास उठतो.

आपण त्याला मातीचा वास म्हणतो, पण त्यातला मुख्य द्रव्यांश, जिऑस्मिन, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू घडवतात. त्याच्या ओढीने स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे जीव येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन पुढे जातात. एवढ्याशा वासात केवढा संसार!

याच कुळातल्या एका जिवाणूने १९४३ साली न्यू जर्सीत अल्बर्ट शॅट्झच्या हाती स्ट्रेप्टोमायसिन ठेवलं. क्षयावर गुण देणारं पहिलं प्रतिजैविक. पण विष रांधणारा स्वतः कसा वाचतो? तो विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने रेणूला फॉस्फेट जोडून त्याची धार बोथट ठेवतो; ते फॉस्फेट पेशीबाहेर गेल्यावरच सुटतं. १९७३ साली बेन्व्हेनिस्ट आणि डेव्हिस यांनी दाखवलं, की औषधांना न जुमानणाऱ्या रोगजंतूंकडे अशीच विकरं आहेत. म्हणजे मारणं आणि तगणं, दोन्ही विद्या एकाच मातीतल्या. कॅनडातल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या जमिनीतही प्रतिरोधाची जनुकं सापडली. तेव्हा कुठला दवाखाना आणि कुठली गोळी! मला तर या जिवाणूंना शत्रू म्हणण्याआधी हात जोडावेसे वाटतात.

तगण्याची ही विद्या केवळ वंशपरंपरेने जात नाही. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांतून एक जिवाणू ती शेजाऱ्याला देतो, परक्या जातीच्यालाही. आपण औषध ओतलं की ज्याच्याकडे ती नाही तो मरतो, आणि मोकळी झालेली जागा उरलेल्याची.

क्षयाचा जंतू मात्र उसनवारी करत नाही. त्याच्या जनुकांत आपसूक चुका होतात; त्यांतली एखादी कामी येते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस चार रुग्णांची नोंद केली: तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देईनात. चौघांपैकी तिघांना निरनिराळ्या खासगी डॉक्टरांनी एकेक औषध वाढवत, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत दिलं होतं. चार औषधं एकदम पडली, तर चारही औषधांना चकवणाऱ्या चुका एकाच जंतूत जुळून येणं जवळपास अशक्य; इथे त्याला एका वेळी एकच विद्या शिकायची होती.